साठाव्या ठोक्याची भेट

मायाक्कानं माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक बोट टेकवलं आणि दुसऱ्या हातानं विचारलं, "हे सगळे एकाच वेळी का पोचतात?"

मी दचकलो. एक तर ती मागून कधी येऊन उभी राहिली ते मला कळलंच नव्हतं. दुसरं म्हणजे त्या तासाला मी मुलांना मराठी टायपिंग शिकवत असायला हवं होतं. अकरा मुलं आपापल्या कीबोर्डवर मान मोडून बसली होती आणि त्यांचा सर कोपऱ्यात हेडफोन लावून ताल जुळवत होता.

"खेळ आहे," मी खुणेनं सांगितलं. तेव्हा मला जेमतेम पन्नासेक खुणा येत होत्या.

"खेळ नाही. खेळात कोणीतरी हरतं. इथं कोणीच हरत नाही."

ती बोलायची ती हातांनी, आणि हात पुरे पडले नाहीत की भुवयांनी. मी इथं तिचं बोलणं शब्दांत लिहितोय एवढंच. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. जत तालुक्यातल्या एका वस्तीवर तिच्या वडिलांची मेंढरं होती. सहाव्या वर्षी तिला त्यांनी या शाळेत आणून सोडलं. मी भेटलो तेव्हा ती सोळा वर्षांची, दहावीत होती. चित्रकलेत पहिली, गणितात शेवटून पहिली, आणि कुणाचंही म्हणणं एका दमात मान्य करायचं नाही असा तिचा नियम होता.

शाळा तासगावच्या बाहेर, द्राक्षबागांच्या मधोमध. कर्णबधिर मुलांची निवासी शाळा. मी, सुकुमार मगदूम, वय सत्तावीस, तिथं कॉम्प्युटरचा हंगामी शिक्षक म्हणून जूनमध्ये रुजू झालो होतो. त्याआधी चार वर्षं पुण्यात एका रेकॉर्डिंग स्टुडिओत होतो. मालिकांची शीर्षकगीतं, साबणाच्या जाहिराती, गणपतीच्या कॅसेटी, सगळ्यांचे ताल मी कॉम्प्युटरवर बांधून द्यायचो. पुणं का सोडलं असं कुणी विचारलं की म्हणायचो, दगदग सोसेना. आईलाही तेच सांगितलं होतं.

मायाक्का ज्याच्याकडे बघत होती त्या प्रोग्रामला सीक्वेन्सर म्हणतात. पडद्यावर आडव्या रांगा असतात, एकेका वाद्याची एकेक. ढोलाची, टाळीची, लाकडी ठोक्याची. रांगेत चौकोन असतात. हवा तो चौकोन दाबून पिवळा करायचा. मग प्रत्येक रांगेतून उजेडाचा एक ठिपका डावीकडून उजवीकडे पळत सुटतो, पिवळ्या चौकोनावर आला की ते वाद्य वाजतं, आणि रांग संपली की ठिपका पुन्हा पहिल्या चौकोनावर. माझ्या सगळ्या रांगा सोळा-सोळा चौकोनांच्या होत्या, त्यामुळे सगळे ठिपके खांद्याला खांदा लावून पळत होते. शाळेच्या कवायतीसारखे.

"एकाची रांग लहान कर," मायाक्का म्हणाली.

मी रांगेच्या टोकाचा आकडा दाखवला. तो बदलला की रांगेची लांबी बदलायची. तिनं मला कोपरानं बाजूला सारलं, खुर्ची ओढली आणि माउस ताब्यात घेतला. ढोलाची रांग पाच चौकोनांची केली. टाळीची चार. लाकडाची तीन. प्रत्येक रांगेतला शेवटचा चौकोन पिवळा केला आणि सुरू केलं.

ठिपके लगेच फुटले. तीनवाला धावत जाऊन परत यायचा, पाचवाला रमतगमत. क्षणात एक पुढे, क्षणात दुसरा. हेडफोनमध्ये जे वाजत होतं ते मला आधी निव्वळ गोंधळ वाटलं. स्टुडिओत आम्ही चाराच्या घराबाहेर कधी पाऊलच टाकलं नव्हतं. एकदा मी पाचाचं काहीतरी बांधलं, तर मालक म्हणाले होते, "मगदूम, लोक जेवताना मालिका बघतात. घास अडकायचा एखाद्याचा."

मायाक्काला आवाजाशी देणंघेणं नव्हतं. ती ठिपक्यांकडे मांजरीसारखी टक लावून बसली होती. आणि मग एका क्षणी तिन्ही पिवळे चौकोन एकदम लखकन पेटले. तिनं माझ्या खांद्यावर असा गुद्दा मारला की हेडफोन खाली पडला.

"भेटले!"

पुढची भेट तिनं मोजली. वही काढली, चौकटींच्या पानावर तीन रांगा आखल्या, खुणा करत गेली. घंटा झाली, मुलं गेली, ती उठली नाही.

"साठ," शेवटी ती म्हणाली. "साठाव्याला भेटतात. साठच का?"

"लसावि. तीन, चार आणि पाचाचा."

तिचा चेहरा आंबट झाला. "ते गणितातलं? मागच्या चाचणीतलं?"

"तेच."

"मग शिकवताना असं का नाही दाखवलं?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली. गणित मुख्याध्यापिका शेटेबाई शिकवायच्या, त्यामुळे मी सुटलो.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याहून आणलेले दोन मोठे स्पीकर खोलीवरून आणले. मायाक्कानं त्यावर तळवा ठेवला. मग गाल ठेवला. मग ते जमिनीवर पालथे घालायला लावले आणि चपला काढून शेजारी उभी राहिली. आठवडाभरात माझ्या तासाला टायपिंग उरलंच नाही. मुलं रांगा करायची, तोडायची, सहा आणि सात, चार आणि नऊ. आणि भेट कितव्या ठोक्याला होणार यावर पैजा लावायची. इरफान नावाचा आठवीतला गोरटेला मुलगा अशा पैजांत सगळ्यांचे बेदाणे जिंकायचा. तो लसावि पाठ करून यायचा हे नंतर कळलं.

मला त्या दिवसांत कामावर जायची घाई व्हायची. पुण्यातल्या शेवटच्या वर्षात असं कधी झालं नव्हतं.

डिसेंबर लागला आणि सांगलीच्या कार्यक्रमाचं पत्र आलं. जिल्ह्यातल्या विशेष शाळांचं दरवर्षी जानेवारीत स्नेहसंमेलन असायचं, नाट्यगृहात. देणगीदार यायचे, अधिकारी यायचे. आमची शाळा नेहमी एक देशभक्तीपर गाणं बसवायची. मुलं रंगमंचावर नाचायची आणि खाली, पहिल्या रांगेच्या पुढे, अंधारात मुख्याध्यापिका हेमलता शेटे उभ्या राहून हातांनी मोजून द्यायच्या. एक, दोन, वळा, हात वर. मुलांचे डोळे त्यांच्या हातांवर. तीस वर्षं असंच चाललं होतं, आणि दर वर्षी लोक डोळे पुसायचे.

पत्र फळ्यावर लागलं त्या दुपारी मायाक्का ऑफिसच्या दारात उभी राहिली. मला हाताला धरून आणलं होतं, साक्षीदार म्हणून.

"यंदा गाणं नको," ती बाईंना म्हणाली. "आम्ही तीन-चार-पाच नाचणार."

शेटेबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. साठीला आलेल्या, ठेंगण्या, आवाज असा की बागेतले पक्षी उडावेत. खुणा मात्र इतक्या सुरेख करायच्या की बघत राहावं. "काय ओ मगदूम, हे काय नवीन काढलंय?"

मी सांगितलं. बारा मुलं, चार-चारांचे तीन गट. एक गट दर तिसऱ्या ठोक्याला पाय आपटणार, दुसरा चौथ्याला, तिसरा पाचव्याला. प्रत्येकाची चाल वेगळी, वळणं वेगळी. जमिनीतून स्पीकरचा सारखा ठोका येत राहणार, मोजायचं ज्याचं त्यानं. आणि दर साठाव्याला सगळे एकत्र.

"आणि मी कुठं उभी राहायचं?"

माझी नजर खाली गेली. मायाक्काची नाही. "तुम्ही खुर्चीत बसायचं."

बाईंनी बोलायला सुरुवात केली ती तोंडानं, माझ्याशी, जणू मायाक्का तिथं नव्हतीच. "तीस वर्षं मी खाली उभी राहते म्हणून ही पोरं वर उभी राहतात. एखादं चुकलं तर सावरायला कोण? आणि बघणाऱ्याला कसं कळायचं की हे मुद्दाम आहे? सगळे वेगवेगळे नाचताना बघून लोक म्हणणार, चुकतायत बिचारी."

"काय म्हणतायत?" मायाक्कानं मला विचारलं. मी जमेल तसं सांगितलं.

ती बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. "आम्ही तुमच्याकडे बघून नाचतो. लोक आमच्याकडे बघून रडतात. मला रडणारी माणसं नकोत."

बाईंचे हात वर आले आणि तसेच थांबले. मग त्यांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

"आणि लोकांना वाटलं चुकतायत, तर?"

"वाटू दे," मायाक्का म्हणाली. "चोवीस सेकंद वाटेल. मग साठावा येईल."

चोवीस सेकंद हा हिशेब तिनं स्वतः केला होता. मिनिटाला दीडशे ठोके, म्हणजे साठाला चोवीस सेकंद. शेटेबाई गणिताच्या बाई. त्यांनी मनातल्या मनात पडताळून पाहिलं, ते मला त्यांच्या ओठांवर दिसलं.

"बरोबर आहे उत्तर," त्या म्हणाल्या. "महिना आहे हातात. पंधरा दिवसांनी मी बघणार. मला पटलं नाही तर गाणं."

जेवणाच्या हॉलमध्ये विटांवर फळ्या टाकून आम्ही ओटा केला. दोन टोकांना दोन स्पीकर पालथे. पहिले आठ दिवस नुसता गोंधळ. तीनवाल्यांना चारवाल्यांचे पाय दिसायचे आणि ते वाहवत जायचे. "बघू नको! तुझं मोज!" मायाक्का सगळ्यांच्या हनुवट्या धरून तोंडं फिरवायची. इरफान पाचवाल्यांत होता, त्याला मोजताना ओठ हलवायची सवय. ओठ हलले की ती त्याला चिमटा काढायची.

दहाव्या दिवशी पहिल्यांदा साठावा जमला. बारा पाय एकदम पडले, फळ्या धाडकन वाजल्या, आणि स्वयंपाकघरातून मावशी पोळपाट हातात घेऊन धावत आल्या, भिंत पडली असं वाटून. मुलं एकमेकांकडे बघून इतकी हसली की पुढचा साठावा आला कधी, गेला कधी.

त्यानंतरच्या एका दुपारची गोष्ट. मी उजव्या स्पीकरजवळ लॅपटॉप घेऊन बसलो होतो, ठोका छान येत होता, मी पायानं ठेका धरला होता. पण त्या दिवशी चारवाले सारखे घसरत होते. मी दोनदा थांबवलं, पुन्हा सुरू केलं. त्यांच्यावर वैतागलो. तेवढ्यात मायाक्का ओट्यावर गुडघे टेकून बसली, फळ्यांवर तळवा ठेवून सरकत सरकत डाव्या टोकाला गेली आणि तिथून माझ्याकडे बघितलं.

"हा बंद आहे."

मी उठून गेलो. डाव्या स्पीकरची वायर कुणाच्यातरी पायात येऊन निघाली होती. किती वेळ? दहा मिनिटं तरी. दहा मिनिटं अर्धा ओटा मुका होता. खोलीतल्या एकमेव ऐकणाऱ्या माणसाला ते कळलं नव्हतं.

मी वायर लावली. मायाक्का तिथंच उभी होती.

"डाव्या कानानं तुम्हाला ऐकू येत नाही."

"येतं. लक्ष नव्हतं."

"खोटं," ती म्हणाली. रागानं नाही, एखाद्याच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात लागलंय हे सांगावं तसं. "मावशी डावीकडून हाक मारतात, तुम्ही वळत नाही. मी जूनपासून बघते."

"कुणाला सांगू नको," मी म्हणालो. तेवढीच खूण मला सुचली.

तिनं खांदे उडवले आणि जागेवर जाऊन उभी राहिली. "परत. पहिल्यापासून."

खरं ते असं होतं. पुण्यातल्या शेवटच्या वर्षात एका जाहिरातीचं काम मी हातावेगळं केलं आणि माझा सहकारी हसत म्हणाला, "अरे, डावी बाजू एवढी का ठोकलीस? कान फाटतोय." मीही हसलो. मग गुपचूप डॉक्टरांकडे गेलो. डावा कान बराचसा गेला होता. उजवाही येत्या काही वर्षांत मंदावणार होता. मशीन लावा, ते म्हणाले. आवाजाच्या धंद्यात कान गेलेला माणूस म्हणजे डोळे गेलेला सराफ. कुणाला कळायच्या आत मी राजीनामा दिला. आणि आलो कुठं, तर अशा शाळेत, जिथं मी काय ऐकतो आणि काय नाही हे तपासणारं कुणीच नसेल. असं आपलं मला वाटलं होतं.

पंधराव्या दिवशी शेटेबाई बघायला आल्या. हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. दोन साठावे झाले. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "चारवाल्यातली ती धाकटी उजवीकडे वळताना अडखळते. तिचे पैंजण काढा."

गाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

सांगलीचं नाट्यगृह भरलं होतं. आमचा नंबर सातवा. रंगमंचाची जमीन लाकडी, आतून पोकळ. सकाळी मायाक्कानं त्यावर टाच आपटून बघितली आणि तिचा चेहरा खुलला. मी विंगेत, लॅपटॉप घेऊन. शेटेबाई पहिल्या रांगेत, खुर्चीत. जरीकाठी साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात घट्ट. तीस वर्षांत त्या पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसल्या होत्या.

पडदा उघडला. मी सुरू केलं.

पहिले काही ठोके लोक गाणं सुरू व्हायची वाट बघत राहिले. गाणं आलं नाही. बारा मुलं, तीन रंगांचे सदरे, आणि कुणाचाच पाय कुणाशी जुळेना. निळे तिसऱ्याला वळत होते, पिवळे चौथ्याला बसत होते, लाल पाचव्याला उडी घेत होते. प्रेक्षागृहात कुजबुज सुरू झाली. प्रमुख पाहुण्यांच्या शेजारच्या बाई शेटेबाईंकडे झुकल्या. त्या काय म्हणाल्या ते मला नंतर समजलं: "चुकतंय हो लेकरांचं. ऐकू येत नाही ना, काय करणार." आणि मागून टाळ्या सुरू झाल्या. मंद, समजूतदार टाळ्या, धडपडून पडलेल्या पोराला वाजवतात तशा.

शेटेबाई उठल्या.

मला वाटतं त्यांनी ठरवून काही केलं नाही. तीस वर्षांची सवय उठली. पर्स खाली पडली, त्या दोन पावलं पुढे आल्या आणि हात वर गेले, मोजून द्यायला.

मायाक्का रंगमंचाच्या मध्यावर होती, लाल गटात. तिनं बाईंना पाहिलं. आता एकाचे डोळे जरी त्या हातांवर गेले तरी सगळं कोसळणार होतं. मायाक्काचा ठोका चुकला नाही. पाचव्याला उडी, वळण, आणि त्या वळणातच एका हातानं, कमरेपाशी, बारीकशी खूण: "बसा."

बाई बसल्या. खुर्ची मागे होती म्हणून बरं.

पंचावन्न. छप्पन्न. मी विंगेत मोजत होतो. अठ्ठावन्न. एकोणसाठ.

बारा पाय एकदम पडले. पोकळ जमीन ढोलासारखी घुमली. ते मला कानांपेक्षा छातीत जास्त कळलं. बारा जणांचे बारा हात वर, बारा चेहरे समोर. एका ठोक्यापुरतं सगळं स्थिर. आणि लगेच पुन्हा फुटले, तीन, चार, पाच, आपापल्या वाटेनं.

टाळ्या तुटल्यासारख्या थांबल्या.

दुसरा साठावा आला तेव्हा कुणीतरी "अरे!" असं ओरडलं. तिसऱ्याच्या आधी लोक मोजायला लागले होते. पहिल्या काही रांगांत ओठ हलताना मला दिसत होते. मांडीवर बोटं वाजत होती. कुणी तिनाच्या मागे लागला होता, कुणी पाचाच्या. चौथ्या वेळी सगळं प्रेक्षागृह पुढे झुकलं होतं, आणि पाय पडले तेव्हा लोकांचेही पडले. पाहुण्यांच्या शेजारच्या बाई शेटेबाईंचा दंड धरून काहीतरी विचारत होत्या आणि बाई प्रेक्षागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगत होत्या, "लसावि हो, लसावि! तीन, चार, पाच यांचा साठ!"

दहाव्या साठाव्याला संपलं. कुणी डोळे पुसत नव्हतं. लोक हसत होते आणि शेजाऱ्याला समजावून सांगत होते.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. पहिला नंबर मिरजेच्या एका शाळेच्या गाण्याला गेला. आम्हाला उत्तेजनार्थ. परीक्षक म्हणाले, प्रयोग वेगळा होता, सोबत एखादं छान गाणं असतं तर अधिक परिणामकारक झाला असता.

"उत्तेजनार्थ म्हणजे काय?" मायाक्कानं मला विचारलं.

"म्हणजे पुढच्या वर्षी अजून करा."

"ते त्यांनी सांगायला कशाला पाहिजे?" ती म्हणाली आणि तिनं प्रमाणपत्राची सुरळी करून ती इरफानच्या डोक्यात मारली.

परतताना टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मुलं मागे दंगा करत होती. शेटेबाई माझ्या शेजारी, डावीकडे बसल्या. त्या बोलत होत्या. गाडीची घरघर, मुलांच्या पायांचे आवाज. मला त्यांचे ओठ तेवढे दिसत होते आणि मी सवयीनं मान हलवत होतो. मग त्या थांबल्या, वाट बघत राहिल्या. काहीतरी विचारलं होतं त्यांनी. मी हसून म्हणालो, "हो ना."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

मागे कुणीतरी पाय आपटले. तीन-चार-पाच पुन्हा सुरू झालं होतं, धावत्या गाडीत. माझ्या मनात काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की मी खूप थकलो होतो आणि खूप बरं वाटत होतं, आणि त्या दोन्हींमध्ये खोटं बोलायला जागा उरली नव्हती.

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही या बाजूला बसाल का? डाव्या कानानं मला ऐकू येत नाही."

त्या उठल्या, दांडा धरून माझ्यासमोरून पलीकडे आल्या, उजवीकडे बसल्या, पदर सारखा केला.

"दिवाळीच्या आधीपासून माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवशी बॅग भरून एसटीत बसला असता तुम्ही. नाही का?"

मी मान डोलावली.

"मगदूम, आईबाप पोराला घेऊन माझ्याकडे येतात ना, तेव्हा त्याला ऐकू येत नाही हे सगळ्या गावाला माहीत असतं. फक्त ते त्यांच्या तोंडून निघायचं असतं. ते ढकलून काढता येत नाही. मी त्यांना चहा देते आणि बसते." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "तुम्हाला सात महिने चहा पाजला. बुधवारी चार मुलांची कानाची तपासणी आहे, मिरजेला. पाचवे तुम्ही."

मंगळवारी मी आईला फोन केला. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "तरीच दिवाळीला हाका मारल्या तर ओ देत नव्हतास. मला वाटलं लग्नाचा विषय टाळतोयस." मग जेवलास का विचारलं.

या सगळ्याला आता चौदा वर्षं झाली. मी त्याच शाळेत आहे, कायम झालो. दोन्ही कानांत मशीन आहे. ताल अजून बांधतो. निम्मे डोळ्यांनी, निम्मे तळव्यांनी, उरलेले कानांनी. मायाक्का मिरजेत एका छापखान्यात डिझाइनचं काम करते, लग्न झालंय, दहावीला तिला गणितात पंचावन्न मिळाले. शेटेबाई निवृत्त झाल्या, पण जानेवारीत सांगलीला येतात आणि पहिल्या रांगेत बसतात. मला मात्र या सगळ्यातला तो बुधवार जास्त आठवतो.

मिरजेला तपासणीसाठी एक छोटी बंद खोली होती, भिंतींना स्पंज, एका बाजूला काच. चार मुलांचं झालं. मग मी आत बसलो. काचेपलीकडे तपासणारा तरुण मशीनसमोर, आणि त्याच्या मागे मायाक्का. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "त्यांना कळत नाही आत काय करायचं ते," असं बाईंना सांगून ती शिरली होती.

"आवाज आला की बोट वर करा," त्या तरुणानं सांगितलं. "अगदी बारीक आला तरी."

उजवा कान सोपा गेला. आवाज यायचा, मी बोट वर करायचो. मग डावा.

काहीच येईना.

पण मी तालाचा माणूस. उजव्या कानाच्या वेळी माझ्या लक्षात आलं होतं की दोन आवाजांच्या मधे तो साधारण चार सेकंद घेतो. मी मनात मोजले, चौथ्याला बोट वर केलं. पुन्हा मोजले, पुन्हा वर. मला फसवायचं नव्हतं कुणाला. हात आपोआप वर जात होता.

खुर्चीवर मागून टकटक झाली असावी, कारण तो तरुण दचकून मागे वळला. मायाक्का पुढे आली होती. मशीनवर आवाज सोडला की एक दिवा लागायचा, तो तिला दिसत होता, आणि तिनं माझं बोट आणि तो दिवा यांची गाठ पडत नाही हे पाहिलं होतं. तिनं दोन्ही हात काचेसमोर धरले, मला नीट दिसतील असे.

"मोजू नका," ती म्हणाली. "थांबा."

मी हात मांडीवर ठेवला. डोळे मिटले. आकडे मनात येत होते, ते येऊ दिले, जाऊ दिले. बराच वेळ गेला. खोलीत स्वतःच्या श्वासाशिवाय काही नव्हतं. आणि मग खूप लांबून, कुणीतरी विहिरीच्या तळाशी तांब्या टेकवावा तसा एक आवाज आला.

मी बोट वर केलं.